उशाकडची दिशा

आमचं घर घ्यावं की घेऊ नये, यावर आमच्यात फारशी चर्चा झाली नाही. घराचं दार नेमकं कुठल्या दिशेला आहे, यावर मात्र पुढे काही वर्षं झाली. चिखलीच्या बाजूला कामगारांच्या एका सोसायटीने बैठ्या घरांच्या रांगा बांधल्या होत्या. जमीन शेतीची, आणि तिच्या कडेने जुनी गाडीवाट गेलेली. ती वाट जशी तिरकी गेली तशी आमची रांगही तिरकी गेली. त्यामुळे आमचं दार ना धड दक्षिणेला होतं, ना धड नैऋत्येला. दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. मागच्या भिंतीत आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी. ती खिडकी सासूबाईंच्या मते उत्तरेला होती आणि माझ्या मते ईशान्येला.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरी थापताना तुटायच्या. हे, म्हणजे माझे यजमान, पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. केसाएवढा फरक डोळ्यांनी ओळखणं हेच त्यांचं काम. घरी मात्र भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं लटकत असलं तरी त्यांना दिसायचं नाही. माझं माहेर पुण्यातलं, नाना पेठेतलं. मी जवळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. यांचं मूळ घर पुनावळ्याचं, नदीपलीकडचं. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, त्या देव, पाटा-वरवंटा आणि दिशा घेऊन.

दिशा म्हणजे नियम. चूल आग्नेयेला. पाणी ईशान्येला. दक्षिणेला तोंड करून जेवायचं नाही, दक्षिणेला पाय करून झोपायचं नाही. केरसुणी दारातून दिसता कामा नये. आरशात अंथरूण दिसता कामा नये. स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला हवं. आता ओटा बांधणाऱ्या गवंड्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि घर मुळातच तिरकं. मग सासूबाईंनी स्टोव्हच तिरका केला. मी पाय एकीकडे आणि तोंड एकीकडे करून पोळ्या लाटायचे. कंबर आखडली म्हणून एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, "कंबर दुखंल, पर घर न्हाई दुखायचं."

माझं शास्त्र वेगळं होतं, त्याला शास्त्र म्हणायचं असेल तर. मला नियम माहीत नव्हते, पण अंगाला कळायचं. कपाट चुकीच्या जागी असलं तर खोलीत शिरताना माझा खांदा आपोआप आखडायचा. खुर्ची जरा सरकवली की बरं वाटायचं, आणि का बरं वाटलं ते सांगता यायचं नाही. लग्नाआधीही मी अशीच होते. आई म्हणायची, ही पोरगी घरात आली की घर चालायला लागतं. मी सामान सरकवत राहायचे आणि कधीतरी एका जागी ते बसायचं. बसलं की मला कळायचं, आणि मग मी त्याला वर्षभर हात लावत नसे.

अशा दोन बायका दोन खोल्यांत. यांना दोघींच्या मध्ये उभं राहायची हौस नव्हती. एका गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी निवाडा करून टाकला. देव, चूल आणि पाणी आईचं. बाकी सगळं तुझं. ऐकायला बरं वाटलं. पण घरात देव, चूल आणि पाणी सोडून जे काही असतं त्या प्रत्येक गोष्टीला सासूबाईंच्या लेखी देवाचा, चुलीचा किंवा पाण्याचा संबंध होताच. केरसुणी लक्ष्मी म्हणून देवात गेली. आरसा मात्र मी जिंकला, कारण तो माझ्या माहेरचा होता. असं देवघेवीत चाललं होतं. खरं सांगायचं तर त्या भांडणांत मजाही होती. मी शाळेत जाऊन सासूबाईंच्या नकला करायचे, आणि त्या शेजारणीकडे माझ्या करायच्या. ते मला शेजारणीनेच सांगितलं.

मग मुलगी झाली, आणि ती जरा मोठी झाल्यावर कॉटचा प्रश्न आला. कॉट यांनी स्वतः केली होती. चिखलीतच त्यांच्या मित्राचं वेल्डिंगचं शेड होतं, तिथे पाइप आणि पट्ट्या जोडून बनवली. चहूबाजूंनी कठडा, आकाशी रंग. मी ती खोलीत चार ठिकाणी ठेवून पाहिली. शेवटी मागच्या खिडकीखाली ठेवली, उसं खिडकीकडे. तिथे वारा यायचा. पहिल्याच दुपारी मुलगी तिथे गाढ झोपली. माझा खांदाही काही बोलला नाही. म्हणजे जागा बसली.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या नेहमी भांडायच्या तशा भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "उत्तरंला डोस्कं करून मेलेल्या मानसाला ठेवत्यात. जित्या पोराला न्हाई."

मी म्हटलं, "आई, ही उत्तर नाहीच. घर तिरकं आहे. ही ईशान्य. उन्हाळ्यात सकाळचं ऊन याच खिडकीतून येतं ना आत? उत्तरेकडून कधी ऊन येतं का?"

ऊन यायचं हे खरं होतं, वैशाखात आणि ज्येष्ठात, अगदी आडवं.  सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बाकी तिचं आहे." कॉट तिथेच राहिली.

मुलगी अडीच वर्षांची असताना गेली.

त्या वर्षी गोवर आमच्या सगळ्या रांगेत फिरला. जवळजवळ प्रत्येक दाराला कडुलिंबाचा डहाळा होता. बाकीची मुलं आठवड्याभरात उठून खेळायला लागली. आमचीचा गोवर नीट बाहेर पडला नाही, आत राहिला, असं बायका म्हणाल्या. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. दवाखान्यात नेली, तिथे ती दोन रात्री होती. त्यांतलं मला सांगण्यासारखं काही आठवत नाही. पुढचं पुरुषांनी केलं. एवढ्या लहान जिवाचे दिवसही धड करत नाहीत. लगेच चुलीवर भात शिजला, शेजारणीने आणलेली आमटी आम्ही खाल्ली, आणि मी ती भांडी घासून परत दिली.

मी रडले नाही. लोकांना ते जाणवत होतं, मलाही जाणवत होतं. कुणी येऊन माझा हात धरला की मला वाटायचं, हा आता कधी सोडतील. मला दुःख होत होतं असं मी म्हणणार नाही. मला काहीच होत नव्हतं. माझ्यातून कुणीतरी दिवा काढून नेला होता, आणि काळोख आहे हेसुद्धा मला कळत नव्हतं.

दिघीला दिलेल्या माझ्या नणंदबाई भेटायला आल्या. मायाळू बाई, पण मनात आलेलं तोंडाशी थांबायचं नाही. आतल्या खोलीत रिकाम्या कॉटपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उसं कुनीकडं व्हतं पोरीचं?"

मी खिडकीकडे हात केला.

"अगं बया! ही तर उत्तर! आये, तू असताना कसं गं झालं हे?"

सासूबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि ती कॉट मी तिथे ठेवली होती. "मी हिला सांगितलं व्हतं" एवढं एकच वाक्य त्यांना म्हणायचं होतं. मी त्या वाक्याची वाट पाहू लागले. ते आलं की मग काय ते होईल, मी उठून माहेरी जाईन किंवा विहिरीत उडी टाकीन, असं मी ठरवत होते, आणि ठरवतानाही माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. दिशेवर माझा विश्वास नव्हता. पण विश्वास नसलेल्या गोष्टीचाही दोष लागू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

 सासूबाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

नणंदबाई मात्र जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा तेव्हा तेच बोलल्या. कधी मला ऐकू येईल असं, कधी मला ऐकू येऊ नये अशा आवाजात, जो जास्तच ऐकू येतो. उसं, उत्तर, पोरगी. सासूबाई दर वेळी गप्प. मी दर वेळी त्या वाक्याची वाट पाहायचे.

मग एका रविवारी पाळी बदलून हे पुण्याला गेले आणि जुन्या बाजारातून एक होकायंत्र घेऊन आले. पितळेची गोल डबी, वर काच, आत सुई, सुईचं एक टोक लाल. त्या दिवशी नणंदबाई आलेल्याच होत्या. हे बूट न काढता आतल्या खोलीत गेले. "सगळे इकडे या," म्हणाले. आम्ही तिघी गेलो.

त्यांनी ते होकायंत्र कॉटच्या आडव्या पट्टीवर ठेवलं, जिथे उशी असायची तिथे. सुई थरथरली. त्यांनी डबी जरा इकडे सरकवली, जरा तिकडे सरकवली, वाकून पाहिलं, पुन्हा सरकवली. मग हात काढून घेतला. लाल टोक डावीकडच्या भिंतीकडे झालं होतं, शेजाऱ्यांच्या घराकडे.

"हे लाल टोक उत्तर दाखवतं," हे म्हणाले. "म्हणजे उत्तर त्या भिंतीकडे. आणि ही समोरची खिडकी पूर्वेला. पोरीचं उसं पूर्वेला होतं."

"आरं पर..." नणंदबाई म्हणाल्या.

सासूबाई पुढे आल्या. कठड्याला धरून वाकल्या आणि बराच वेळ त्या सुईकडे पाहत राहिल्या. मग सरळ झाल्या. "पूर्वच हाय," त्या म्हणाल्या. "आता ह्या घरात हा इषय पुन्यांदा न्हाई काढायचा."

आणि तो विषय खरोखरच पुन्हा निघाला नाही. नणंदबाई येत राहिल्या, पण मुलांच्या शाळेबद्दल आणि गाईच्या दुधाबद्दल बोलू लागल्या. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. निकाल माझ्या बाजूने लागला होता. पूर्वेला उसं म्हणजे तर सगळ्यात चांगलं. मी आत जाऊन भाताला आधण ठेवलं.

त्यानंतर ते घर हळूहळू पूर्णपणे सासूबाईंचं झालं. त्यांनी काही हिसकावून घेतलं नाही, मीच हात काढून घेतला. माझ्या अंगाला काही कळेनासं झालं होतं. कपाट कुठेही असो, खांदा आखडत नव्हता. आरसा देवापाशी लावला काय आणि मोरीत लावला काय, मला सारखंच. पूर्वी जागेसाठी हमरीतुमरीवर येणाऱ्या सासूबाई आता विचारून विचारून ठेवायच्या. "ह्यो डबा कुठं ठिवू गं?" मी म्हणायचे, "कुठेही ठेवा." हे उत्तर त्यांना आवडत नसे, हे मला दिसायचं. पूर्वी असं उत्तर मिळालं असतं तर त्या साखर वाटत फिरल्या असत्या. एकदा त्यांनी पाटा-वरवंटा भर रस्त्यात, दोन खोल्यांच्या दारातच ठेवला. मी कितीतरी दिवस तो ओलांडून जात-येत राहिले. मला ते विचित्रही वाटलं नाही. शेवटी त्यांनीच तो उचलून परत जागेवर नेला. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या. कसला, ते मी विचारलं नाही.

शाळा चालू होती. शाळेत मी बरी असायचे, कारण तिथे तास असतात, घंटा असते, आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. घरी यायचे, चहा करायचे. हे पाळीवरून आले की मी पुन्हा चहा करायचे. कधी आमटीत मीठ नसायचं. हे आणि सासूबाई दोघंही मुकाट्याने खायचे. मीही खायचे, आणि मीठ नाही हे मला त्या दोघांच्या मुकाट खाण्यावरून कळायचं.

वडील पुण्याहून एकदा आले आणि मला पाहून गेले. काही दिवसांनी त्यांनी निरोप पाठवला की त्यांच्या ओळखीच्या एका शाळेत जागा निघते आहे, दिवाळीनंतर रुजू होता येईल, तू ये, राहा इथे, पुढचं पुढे बघू. मी हो म्हटलं. हो म्हणायला जास्त ताकद लागत नाही, नाही म्हणायला लागते. यांना सांगितलं. हे "बरं" म्हणाले. सासूबाईंना मी सांगितलं नाही, पण भिंती पातळ होत्या.

दिवाळीच्या आधी घराला चुन्याचा हात द्यायचं ठरलं. शाळेला सुट्टी लागली होती. यांचा गुरुवार होता. सकाळपासून आम्ही सगळं सामान मागच्या अंगणात काढलं: कपाट, ट्रंका, डबे, गाद्या, आणि ती कॉट. कॉट तोपर्यंत खोलीतच होती. तिच्यावर घडी घातलेली अंथरुणं ठेवायचो, म्हणजे ती कशासाठी आहे ते दिसायचं नाही. हे आत स्टुलावर चढून चुना मारत होते. सासूबाई पुढच्या ओट्यावर डबे पुसत होत्या.

होकायंत्र खिडकीच्या फळीवर पडलेलं असायचं. फळीवर चुना सांडेल म्हणून मी ते बाहेर आणलं आणि कॉटच्या पट्टीवर ठेवलं. सुई फिरली आणि कुठेतरी थांबली. मग गादी झटकायची होती म्हणून ते उचललं आणि कपडे धुवायच्या दगडावर ठेवलं. सुई पुन्हा फिरली आणि निराळ्याच बाजूला थांबली. मी ते उचलून पुन्हा कॉटवर ठेवलं. पुन्हा दगडावर. दगडावर ती दर वेळी एकाच बाजूला जात होती. कॉटवर एका टोकाला ठेवलं तर एकीकडे, दुसऱ्या टोकाला ठेवलं तर भलतीकडे.

मी तिसरीच्या मुलांना दिशा शिकवणारी बाई. लोखंडाजवळ सुई चळते, हे मला माहीत नसावं असं नव्हतं. पण त्या दिवशी, ती डबी पट्टीवर सरकत होती तेव्हा, मी समोर उभी राहून काही पाहिलंच नव्हतं.

मी डबी घेऊन आतल्या खोलीत गेले. खोली पूर्ण रिकामी होती. कॉटच्या पायांचे चार गोल डाग फरशीवर तसेच होते. त्यांच्यामध्ये, उशी असायची तिथे, मी ती डबी फरशीवर ठेवली. हे स्टुलावरून पाहत होते. त्यांच्या हातातल्या ब्रशवरून चुना ठिपकत होता.

लाल टोक सरळ खिडकीकडे गेलं. किंचित बाजूला, अगदी किंचित. तेवढाच काय तो घराचा तिरकेपणा, ज्याच्यावर मी केवढा वाद घातला होता.

"तुम्ही कॉटवर ठेवली होतीत सुई," मी म्हटलं.

"हो."

"टूलरूमवाल्याला माहीत नाही, लोखंडाजवळ सुई फिरते?"

"माहीत आहे."

"मग?"

हे खाली उतरले. ब्रश बादलीत ठेवला. "फिरावी म्हणूनच ठेवली," म्हणाले. "पाहिजे तिकडे जाईपर्यंत सरकवली. ताईचं तोंड बंद करायचं होतं. आणि तू..." त्यांनी हातावरचा चुना पुसला. मग म्हणाले, "तू तेव्हा कशाकडेच बघत नव्हतीस."

मला राग आला. इतक्या महिन्यांनी काहीतरी आलं, तो राग होता.  मला खोटं सांगून माफ करून टाकलं होतं, आणि मी त्या खोट्यावर इतके दिवस भाकऱ्या थापत होते. म्हणजे यांनाही वाटत होतं की माझं चुकलं. त्याशिवाय कुणी असं खोटं करतं?

मी तसं म्हटलं. मोठ्याने म्हटलं. हे म्हणाले, "मला दिशेचं काही वाटत नाही गं. तिचा श्वास चालत नव्हता तेव्हा मी तिथे होतो. तिथे दिशा नव्हती."

"आणि आईंना फसवलंत ते? त्या बिचाऱ्या वाकून वाकून बघत होत्या. पूर्वच हाय म्हणाल्या."

हे माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहू लागले. "आईला मी फसवणार?" म्हणाले. "जा, विचार तिला."

सासूबाईंनी आमचं सगळं ऐकलं असणार, कारण तिथून न ऐकणं शक्यच नव्हतं. त्या ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर डाळीचा डबा, हातात फडकं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आई, खिडकी उत्तरेला आहे."

"हाय की," त्या म्हणाल्या. मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सूर्य कुठनं निघतो ते मला सुईनं सांगायला पायजे व्हय? जलमभर त्याला पानी घालतीया."

"मग त्या दिवशी पूर्व कशाला म्हणालात? तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. तुमचंच खरं होतं. तुम्ही नुसतं 'मी सांगितलं होतं' म्हणाला असतात तरी..."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

मी विचारलं, "तुम्हाला वाटतं का, उशामुळे झालं?"

त्या खोटं बोलतील असं मला वाटलं. हे बोलले होते, तेव्हा त्यांनी बोलायला हरकत नव्हती. त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला वाटतंय," त्या म्हणाल्या. "म्हातारीला वाटनारच. रोज वाटतंय. पर तुला वाटाया नगं." मग फडकं पिळावं तसं दोन्ही हातांनी आवळत म्हणाल्या, "पोर गेली व्हती. सूनबी घालवू व्हय?"

मी तिथेच ओट्यावर, डब्यांच्या मधे बसले, आणि मला रडू यायला लागलं. आधी नुसताच आवाज आला, पाणी नंतर आलं. मी मुलीचं नाव घेऊन रडले. ते नाव त्या घरात दवाखान्यातून आल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. रांगेतल्या बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी जवळ यायला निघाली तर सासूबाईंनी हाताने तिला थांबवलं. "रडू दे," म्हणाल्या, "कुनी गप करू नका तिला," आणि मग त्या स्वतःही पदर तोंडाला लावून माझ्या शेजारी रडत बसल्या.